पंडितच्या गिटारचा नट बदलताना

पंडित, गेल्या आठवड्यात वंदना तुझी गिटार घेऊन दीपनगरला आली. सावद्याहून एसटीने, मांडीवर आडवी घेऊन. कंडक्टर म्हणाला बाकाखाली सरकवा, तर हिने त्याच्याकडे असं काही पाहिलं म्हणे की तो गुपचूप तिकीट फाडून पुढे गेला. तुझी बायको फार गरीब आहे असं तू लग्न झाल्यापासून मला सांगत आलास. गरीब कसली रे. तुझ्यासमोर बोलत नव्हती एवढंच.

दारात चपला काढता काढताच म्हणाली, "अक्का, हे वाजती राहू द्या. भिंतीले टांगेल राह्यली तर मले त्या खोलीत जाववत नही."

मी हो म्हटलं. आपल्या गाण्याच्या पार्टीचे मालक नाना, त्यांनी तुझं तेरावं होऊन चार दिवस गेले नाहीत तोवर भुसावळचा एक गिटारवाला शोधून ठेवला होता. राग मानू नकोस. लग्नसराई तोंडावर आहे आणि सुपाऱ्या तुझ्या आजारपणाच्या आधीच घेतलेल्या आहेत. माणूस बँकेत आहे, हात बरा आहे, पण स्वतःचं वाद्य नाही. नानांनी मला निरोप धाडला, "अक्का, पंडितची गिटार तेवढी वाजती करून ठेव. तिचं दुखणं तुलाच माहीत."

माहीत नसायला काय झालं. त्या दुखण्यापायी आपण दोघं जेवढं भांडलो, तेवढं मी माझ्या नवऱ्याशीही भांडलेली नाही.

नाना इतकी वर्षं ऑर्केस्ट्रा चालवतात, पण नट म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अजून बोल्टच येतो. त्यांना मी तुझ्याच शब्दांत समजावून सांगितलं. गिटारची मान संपते आणि डोकं सुरू होतं, तिथली आडवी पट्टी म्हणजे नट. तारा तिच्यावरून खुंट्यांकडे जातात. साध्या गिटारला ती हाडाची नाहीतर प्लास्टिकची असते. मुंबईच्या कुणा वादकाने विकायला काढलेली ही तुझी गिटार, हिची पट्टी पोलादी आणि तिच्यावर तीन छोटी कुलपं. एकेका कुलपाखाली दोन तारा. सूर लावायचा, वाकड्या किल्लीने कुलपं कसायची, मग खुंटी कितीही हलली तरी तार सूर सोडत नाही. त्यातल्या मधल्या कुलपाचे आटे तू खाऊन टाकलेस. किल्ली नुसती गोल फिरायची, धरायची नाही.

तू खाल्लेस असं मी म्हणायची. तू म्हणायचास, अक्काच्या पेटीनं खाल्ले.

पेटी माझ्या बाबांची. ते भुसावळला रेल्वेत होते आणि संध्याकाळी बुद्धविहारात गायला बसायचे. तिच्या आतल्या पितळी पात्यांना त्यांनी स्वतः कानस मारून सूर लावला होता, आणि तो सूर साऱ्या जगाच्या सुरापेक्षा जरासा चढा आहे. अर्धा सूर नाही, त्याहून कमी, पण शेजारी दुसरं वाद्य वाजलं की लगेच दात आंबतात. बाबांचा गळा त्या सुरात मोकळा व्हायचा. माझाही होतो. जयंतीच्या कार्यक्रमात मी त्या पेटीवर गायला लागले की माणसं उठून पुढे येऊन बसतात, हे तूच मला सांगायचास.

नानांनी कीबोर्ड आणला आणि पार्टीत दोन सूर झाले, एक यंत्राचा आणि एक माझा. कीबोर्डाच्या पाठीला सूर सरकवायची कळ होती, पण नानांनी तिच्यावर चिकटपट्टी मारून टाकली. बासरीवाल्याची बासरी काही दाबून आखूड होणार नव्हती, त्यामुळे त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. राहिलास तू. कीबोर्डाची गाणी झाली की तू स्टेजच्या कडेला मांडी घालून बसायचास, तिन्ही कुलपं उघडायचास, सहाही तारा माझ्या पेटीएवढ्या चढवायचास आणि पुन्हा कुलपं लावायचास. माझी गाणी संपली की परत उघड, परत उतरव, परत लाव. तारांच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिजवर, सूर लावायचे बारीक स्क्रू होते, पण एवढा फरक त्यांच्या आवाक्यातला नव्हता. कुलूप लावून विसरून जायची ती वस्तू, आपल्याकडे ती पानाच्या डब्यासारखी उघडझाप व्हायची. त्यात तुझा जोर. केळीचे घड खांद्यावर वाहिलेला माणूस तू, किल्ली पिळताना खालचा ओठ दातांत धरायचास.

"अरे हळू," मी म्हणायची.

"ढिलं राह्यलं तर इज्जत जाईन, अक्का."

खरी गंमत तर पुढेच. त्या गिटारला सूर हेलकावायला एक दांडी असते. ती ओढली की तारा ढिल्या-ताठ होतात, म्हणून तर बनवणाऱ्याने कुलपं दिली. तू गिटार आणल्या आणल्या दांडी काढून ठेवलीस आणि ब्रिजमागे सागाची चीप ठोकून तो जाम करून टाकलास. मी म्हणाले, दांडीच नाही तर कुलपं कशाला हवीत, काढून साधा नट बसव, रोजची कटकट जाईल. तू माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलंस. "अक्का, कुलूप लावेल घर अन् उघडं घर. झोप कुठी चांगली लागते?"

 

धुळ्याची ती दुपार आठवते का रे? मंडप बांधून झाला होता, माईक लावून बघत होते आणि मधल्या कुलपाने मान टाकली. तू नुसता नट खोलून रुमालात बांधलास आणि आपण दोघं रिक्षाने लेथवाला शोधत निघालो. तू वाटभर एक शब्द बोलला नाहीस. एरवी तुझी टकळी बंद होत नसे, त्यामुळे मला जरा भीतीच वाटली. लेथवाल्याने तो इवलासा तुकडा तळहातावर घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "भाऊ, हाऊ काय ट्रकना चाकना नट शे का? कितला जोर लावस तू? आटा बठ्ठा ग्यात."

तू गुन्हेगाराकडे दाखवावं तसं माझ्याकडे बोट दाखवलंस. "ह्या बाईची पेटी हाये ना."

त्याला ओ की ठो कळलं नाही, पण त्याने तुझ्याकडे अशा काही दयेने पाहिलं की मी त्याचा चहा घेतला नाही. त्याने मोठे आटे पाडून जाड स्क्रू बसवून दिला. परतताना तू म्हणालास, "चहावर काहून राग काढला? चहा चांगला व्हता." मी म्हणाले, मग परत जा आणि माझाही पी. तू रिक्षा थांबवलीस. खरंच थांबवलीस आणि टपरीवरून दोन चहा घेऊन आलास. रस्त्याच्या कडेला, रिक्षावाल्याच्या देखत, मला तो प्यावा लागला.

गेल्या महिन्याभरात मला तुझी गाणी फारशी आठवली नाहीत, पंडित. हेच असलं आठवतं.

लेथवाल्याचं काम एक-दोन हंगाम टिकलं. मग त्या पट्टीलाच चीर गेली आणि मधल्या दोन तारा कायमच्या मोकळ्या झाल्या. कार्यक्रमात दर दोन गाण्यांनी तू त्यांचे कान पिळायचास. गेल्या वर्षी कुणाकुणाला सांगून मुंबईहून अस्सल नवा नट मागवलास. पारदर्शक पिशवीत तो चकचकीत तुकडा आणि त्याचे स्क्रू. मला वाटलं आता त्याच दिवशी बसवणार. तू ती पिशवी तालमीच्या खोलीत खिळ्याला अडकवलीस.

"हे कधी बसवणार?"

"आधी तू पेटी लावून घे. जळगावले चांगला माणूस हाये, मी येतो संगं. मंग बसवतो. नही तर हे बी तुह्या पेटीच्या पोटात जाईन."

"बाबांच्या सुराला कानस लागणार नाही. म्हातारा होईपर्यंत वाट बघ."

"पाह्यतो ना. मले कुठी जायाचं हाये?"

आणि वर हेही म्हणालास, की हा सूर जगात कुठल्याच वाद्यात नाही, तो माझ्याशिवाय कुणाच्या कानात बसूच शकत नाही, पेटी बंद झाली की तो हवेत विरून जातो. मी म्हणाले, ज्याला कान आहेत त्याच्या बसतो. तू हसलास. आपण वर्षभर वाट पाहिली, तू माझ्या पेटीची आणि मी तुझ्या नटाची. नाना म्हणायचे, तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडलं पाहिजे.

मग तुझी कावीळ निघाली. आधी झाडपाला, मग जळगावचा दवाखाना, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी सावद्याला आले तेव्हा तुमच्या ओट्यासमोर ट्रकमध्ये केळी भरत होते आणि तू आतल्या खोलीतून हमालांचं बोलणं ऐकत पडला होतास. डोळे हळदीसारखे. गिटार समोरच्या भिंतीवर होती. तिच्याच खिळ्याला ती पिशवी. तालमीच्या खोलीतून कधी आणलीस कुणास ठाऊक. मी पिशवीकडे पाहिलं. मी पाहिलं हे तू पाहिलंस. मग आपण नानांच्या मधुमेहावर बोललो, उन्हाळ्यावर बोललो, वंदनाने केलेल्या ताकावर बोललो.

पेटी लावून घेते, असं म्हणणं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणाले नाही. आजारी माणसापुढे नेहमी भांडणारं कुणी एकाएकी हार मानायला लागलं, की आपण किती आजारी आहोत हे त्याला कळतं. तुला ते माझ्याकडून कळायला नको होतं. म्हणून उठताना म्हणाले, "बरा हो आणि तो नट बसव, भिंतीला शोभा आणतोय नुसता." तू मान हलवलीस. बोलायला तुला धाप लागत होती.

आता मुद्द्याचं सांगते. वंदना गिटार देऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामाला बसले. नवरा ड्यूटीवर होता. वीजकेंद्राच्या चिमणीची राख घरात येते म्हणून खिडक्या लावल्या आणि सतरंजीवर गिटार आडवी ठेवली. किल्ली, पेचकस, नवी पिशवी, सगळं मांडलं. जुनी कुलपं उघडायच्या आधी सहज म्हणून तारा छेडल्या. मधल्या दोन उतरून गेल्या होत्या, त्यात नवल नव्हतं. कडेच्या चार मात्र ताठ होत्या. कुलूप त्यांना धरून होतं.

वंदना जाता जाता बोलली होती की शेवटच्या महिन्यात तू नव्या तारा टाकल्यास. बसवत नव्हतं, तरी उशीला टेकून, मध्ये मध्ये डोळे मिटून टाकल्यास. मी धरून चालले की तू त्या तुझ्या सूर जुळवायच्या शिट्टीवर, म्हणजे यंत्राच्या सुरात लावल्या असणार. दुसरं लावणार कशावर? तुमच्या घरात पेटी नाही. सावद्यापर्यंत माझ्या पेटीचा आवाज येत नाही.

ॲम्प्लिफायर नव्हता. सगळ्यात जाड तार छेडली आणि लाकडाला कान लावला. मग पेटी ओढून त्याच सुराची पट्टी दाबली.

दोन्ही एक होते.

मी पेटी बंद केली. म्हटलं कानात बाबांचाच सूर बसलेला, कान आपल्याला हवं तेच ऐकतो. उठून पाणी प्यायले, ओट्यावर जाऊन आले, कपडे आत घेतले. परत बसले आणि एकेक तार पेटीशी जुळवून पाहिली. चारही तिथेच. कुठे केसाइतकाही फरक नाही. शिट्टी हाताशी असताना, पेटी कित्येक कोस लांब असताना, तापल्या अंगाने तू बाबांचा सूर कानातून काढून तारांवर ठेवला होतास. कुणाच्या कानात बसूच शकत नाही म्हणे. लबाड माणसा.

मला हे तू तोंडाने सांगितलं असतंस तर मी म्हणाले असते, बघ, हरलास. आणि तू म्हणाला असतास, हरलो नही, दया आली. मग आपण पुन्हा सुरू झालो असतो. मला तेच हवं आहे. तुझ्याबद्दल चांगलं बोलणारी खूप माणसं भेटतात रे सध्या. तुझ्याशी भांडायला मिळत नाही.

मी किल्ली खाली ठेवली. नट बदलायचा म्हणजे तिन्ही कुलपं उघडायची, सगळ्या तारा सोडायच्या. तुझ्या हातचं एवढंच काय ते जसंच्या तसं शिल्लक होतं आणि ते मी माझ्या हाताने पुसायचं होतं. नानांना कळवलं, जमत नाही, गिटार मागू नका. नाना फोनवर चिडले. "अगं, त्या माणसाला मी शब्द दिलाय." म्हटलं, मग त्याला तुमचा ढोलक द्या. पण शब्द मीही दिला होता, आणि तो नानांना नव्हता. म्हणून वंदनाला बोलावून घेतलं.

ती आली. मी तिला सगळं सांगितलं. तिला कान लाकडाला लावायला लावला, एकेक तार वाजवली आणि पेटीवर तोच सूर धरला. तिला सुरातलं काही कळत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण ती बराच वेळ कान काढेना. मी म्हणाले, "वंदना, हे असंच ठेवू. मी रोज एकदा ऐकत जाईन. तुलाही ऐकावंसं वाटलं की ये."

ती पदराने गाल पुसत सरळ बसली. "अक्का, ते म्हणत व्हते, कितीबी कुलूप लावा, तार हळूहळू उतरतेच."

"उतरते."

"मंग तुमी रोज ऐकसान, अन् ते रोज थोडं थोडं जाईन. एकदा गेलं ते मी पाह्यलं. रोज पाह्याची ताकद माह्यात नही. तुमच्यात हाये का?"

तिने किल्ली उचलून माझ्या हातात दिली. गरीब म्हणे.

आधी कडेची कुलपं उघडली. मग खुंट्या सैल केल्या. तारा एकेक करून खाली आल्या, तेव्हा मी पेटी उघडीच ठेवली होती, पण वाजवली नाही. नटाचे दोन स्क्रू घट्ट होते, तुझा जोर त्यांनाही मिळालेला. पट्टी उचलली तर खाली तू पत्र्याची पातळ पट्टी सरकवलेली, तेलाच्या डब्याची, एका बाजूला पिवळा रंग तसाच. उंची अगदी बेताची धरली होतीस. ती मी पुसून परत तिथेच ठेवली आणि तिच्यावर नवा नट बसवला. तो बसला. वर्षभर भांडून जे अडलं होतं, त्याला चहा निवेल एवढाही वेळ लागला नाही.

लावायचं कशावर, हा प्रश्न मी स्वतःला विचारलासुद्धा नाही. भुसावळचा माणूस येऊन यंत्रावर लावेलच, त्याला शिट्टीही देऊन ठेवेन. पेटी मात्र मी जळगावला नेणार नाही, पंडित. आता तर नाहीच.

पण पेटीला दोन हात लागतात आणि खुंटीलाही दोन. इतकी वर्षं मी भाता हलवला आणि तू कान पिळलेस, त्यामुळे हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. वंदना म्हणाली, "मले दाखवा." तिने जन्मात पेटीला हात लावला नव्हता. मी तिचं बोट पट्टीवर ठेवलं, दुसरा हात भात्यावर. आवाज मोठा व्हायचा, बारीक व्हायचा, पण बोट तिने हलू दिलं नाही. मी एकेक तार चढवत गेले. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत, तू जायचास तशीच.

शेवटची तार वर आणली तेव्हा वंदनाने भाता थांबवला आणि विचारलं, "लागलं का, अक्का?"

सगळी पार्टी माझ्या कानाच्या भरवशावर चालते. मी हो म्हणाले आणि तिन्ही कुलपं कसली. तुला म्हणून सांगते पंडित, मला त्या वेळी काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं.